सर्व्हरशिवाय चॅट: पीटूपी ॲप वापरायला सुरुवात कुठून करायची?

सातपुडा_पायथा

राम राम मंडळी. दुसऱ्या एका धाग्यावर विषय निघाला होता की व्हॉट्सॲप बंद पडलं तर आपल्याकडे दुसरं काय आहे, तिथे मी पीटूपी (पीअर टू पीअर) म्हटलं आणि बऱ्याच जणांनी विचारलं म्हणजे काय भाऊ, तर वेगळाच धागा काढतोय म्हणजे सगळं एका जागी सापडेल.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवत असेल. साधारण नऊ वाजता व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टा सगळं एकदम गेलं ते सहाएक तास आलंच नाही. टॉवर चालू होते, नेट चालू होतं, बाकीच्या साइट उघडत होत्या, फक्त समोरच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला मेसेज जात नव्हता. कारण गल्लीतल्या गल्लीत पाठवलेला मेसेजसुद्धा आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि मग परत गल्लीत येतो. पीटूपी मध्ये हा मधला मुक्कामच नाही, तुमचा मोबाईल थेट समोरच्याच्या मोबाईलशी बोलतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण यात सगळेच गल्लत करतात. व्हॉट्सॲपचे मेसेज २०१६ पासून एंड टू एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे मजकूर कंपनीला वाचता येत नाही, हे खरंच आहे. पण खातं कंपनीच्या ताब्यात, ते बंद करायचा अधिकार कंपनीचा, आणि खातं बांधलेलं सिमला. आपल्याकडे किती घरांत बाईच्या हातातल्या मोबाईलचं सिम नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर असतं बघा. रिचार्ज संपला, सिम बंद पडलं, काही महिन्यांनी तोच नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला देते आणि मग आपली ओळखच गेली. पीटूपी ॲपला नंबर लागत नाही, ईमेल लागत नाही. ओळख म्हणजे तुमच्याच मोबाईलमध्ये तयार झालेली एक किल्ली, ती कुणी दिलेली नाही म्हणून कुणी काढूनही घेऊ शकत नाही. मला या प्रकारातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, सर्व्हर बंद पडण्यापेक्षाही मोठी.

आता सर्व्हर नाही तर समोरचा सापडतो कसा? त्याला डीएचटी म्हणतात. मोठ्या खेड्यात आपण पत्ता विचारत जातो ना, पहिला म्हणतो पुढे पारापाशी विचारा, पारावरचा म्हणतो पाटलांच्या वाड्यामागे विचारा, प्रत्येकाला सगळं गाव माहीत नसतं पण प्रत्येक जण तुम्हाला थोडं जवळ नेतो, तसं. कॅडेमलिया नावाची पद्धत २००२ साली आली, टॉरेंटमध्ये तीच वापरतात आणि चॅट ॲपमध्येही त्याच घराण्यातली.

नव्या माणसाने जामी नावाच्या ॲपपासून सुरू करावं असं माझं मत आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलची कंपनी ते बनवते, कोड खुला आहे, ग्नू या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचा भाग आहे, अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, लिनक्स, मॅक सगळ्यावर चालतं आणि मेसेजसोबत व्हिडिओ कॉलही होतो. टाकल्यावर नवीन अकाउंट बनवा. युजरनेम ठेवणं ऐच्छिक आहे, नाही ठेवलं तर ४० अक्षरांचा लांबलचक आयडी मिळतो, तो पाठ करायची गरज नाही, क्यूआर स्कॅन करायचा. पासवर्ड टाकलात तर तो विसरू नका, "पासवर्ड विसरलात का" हे बटणच इथे नाही कारण ते दाबल्यावर ऐकणारं पलीकडे कुणी नाही.

आणि अकाउंट बनल्याबरोबर, एकही मेसेज पाठवायच्या आधी, सेटिंगमध्ये जाऊन अकाउंटचा बॅकअप काढा. ती फाइल त्याच मोबाईलमध्ये ठेवून उपयोग नाही, पेनड्राइव्हवर नाहीतर घरच्या कॉम्प्युटरवर टाका.

पहिल्याच दिवशी पूर्ण खानदानाचा ग्रुप काढायच्या भानगडीत पडू नका. दोनच माणसं घ्या, शक्यतो एकाच खोलीत बसून, एकमेकांचा क्यूआर स्कॅन करा, रिक्वेस्ट स्वीकारा, मेसेज करा, कॉल करून बघा, मग एक जण बाहेर रस्त्यावर जाऊन परत करून बघा. हे जमलं की तिसरा.

केळीबागाईत_रावेर

चांगला विषय काढला भाऊ. आमचा केळीभावाचा ग्रुप आहे, सकाळी बऱ्हाणपूरचा भाव, सावद्याचा भाव, गाडी लागली का, कटाईला माणसं आहेत का असं सगळं त्यावर चालतं. शेकड्याने माणसं आहेत. तो ग्रुप यावर नेता येईल का? कारण मागे ॲडमिनचाच नंबर बंद झाला आणि ग्रुप बेवारस झाला, कुणी बाहेरचे लोक येऊन लोनच्या जाहिराती टाकून राहिले होते.

सातपुडा_पायथा

दादा स्पष्ट सांगतो, तो ग्रुप नेऊ नका. जामीचे ग्रुप लहान मंडळींसाठी चांगले. त्यात प्रत्येक सदस्याच्या मोबाईलमध्ये ग्रुपच्या पूर्ण संभाषणाची प्रत असते आणि सगळे मोबाईल एकमेकांत ती जुळवत राहतात, त्यामुळे शेकड्याने माणसं आणि रोजचे फोटो म्हटल्यावर साध्या मोबाईलचं काम राहत नाही. पण याच पद्धतीचा एक फायदा बघा, ग्रुपचा मालक असा एक मोबाईल नसतो. ज्याने ग्रुप काढला त्याचा फोन बंद असला तरी बाकीच्यांचं बोलणं चालूच राहतं. तेव्हा भावाचा ग्रुप आहे तिथेच राहू द्या आणि तुम्ही, तुमचा भाऊ, गाडीवाला, पुण्याचं पोरगं अशा चारपाच जणांचा इकडे काढा. ज्यांच्याशी पैशाचं आणि घरचं बोलायचं असतं ती माणसं इथे.

पांझराकाठ

राम राम भो, कसा शेतस? जामी टाकलं, बायकोच्या मोबाईलवर पण टाकलं, एका घरात वायफायवर एकदम झकास चाललं. पण ती माहेरी गेली शिरपूरला आणि आता मेसेज कधी लगेच जातो तर कधी संध्याकाळपर्यंत घड्याळाचं चिन्हच. कॉल लागायला पण वेळ लागतो. माझा मोबाईल साधा आहे, त्यामुळे असेल का?

भुसावळ_जंक्शन

मोबाईल साधा असल्याचा त्रास कमी, दोन वेगळी कारणं आहेत, दोन्ही सांगतो कारण हे सगळ्यांनाच येणार आहे.

पहिलं म्हणजे आपले हे स्वस्तातले अँड्रॉइड बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप मारून टाकतात. व्हॉट्सॲपला कंपन्यांनी आधीच सूट दिलेली असते, जामीला नसते. सेटिंगमध्ये ॲपवर जाऊन बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, ऑटोस्टार्ट असा पर्याय असेल तर चालू करा, आणि रिसेंटमध्ये जाऊन ॲप वर सरकवून बंद करायची सवय असेल ती सोडा. हे दोन्ही मोबाईलवर करायचं, वहिनींच्या पण. बॅटरी थोडी जास्त जाईल, ते मान्य करूनच वापरायचं.

दुसरं कारण नेटवर्कचं. मोबाईल डेटावर तुमच्या फोनला स्वतःचा असा बाहेरून दिसणारा आयपी पत्ता बहुतेक वेळा नसतो, आयपीव्ही४ वर कंपनी हजारो गिऱ्हाईकांना एकाच पत्त्यामागे बसवते, त्याला सीजीनॅट म्हणतात. बाहेर जायला रस्ता आहे पण बाहेरून कुणी थेट तुमच्या दारात येऊ शकत नाही. मग दोन्ही फोन एकाच वेळी एकमेकांकडे बाहेर निघतात आणि मधल्या भिंतीला भोक पाडायचा प्रयत्न करतात, होल पंचिंग नावच आहे त्याचं. तेही जमलं नाही तर टर्न नावाच्या मधल्या सर्व्हरवरून डेटा फिरवावा लागतो, एन्क्रिप्टेड असतो पण थेट नसतो. म्हणून कुणी म्हटलं की पीटूपी म्हणजे जगात कुठेच सर्व्हर नाही तर ते अर्धं खरं. जामीत युजरनेमची यादी पण एका नेमसर्व्हरवर असते. फक्त यातलं काही बंद पडलं तरी तुमची ओळख आणि तुमचं बोलणं तुमच्याच मोबाईलमध्ये राहतं, हा फरक.

आयपीव्ही६ असेल तर हा त्रास बराच कमी होतो. जिओवर ते असतंच, बाकीच्यांनी मोबाईलच्या एपीएन सेटिंगमध्ये आयपीव्ही४/आयपीव्ही६ असं दोन्ही निवडलेलं आहे का बघा.

आणि संध्याकाळपर्यंत घड्याळ दिसतं त्याचं उत्तर असं की दोन्ही फोन एकाच वेळी नेटवर असल्याशिवाय मेसेज जाणार नाही, मध्ये सांभाळून ठेवणारं कुणी नाही. यावर उपाय म्हणजे घरात पडलेला जुना मोबाईल. सेटिंगमध्ये नवीन डिव्हाइस जोडायचा पर्याय आहे, तोच अकाउंट जुन्या मोबाईलवर जोडून तो वायफाय आणि चार्जरवर ठेवून द्या. तुमचा हातातला फोन रेंजबाहेर गेला तरी घरचा जुना फोन मेसेज घेऊन ठेवतो आणि तुम्ही पाठवलेला पुढे पोचवतो. लाइट जाते तेव्हा राउटर बंद पडतो हे आहेच, राउटरचा छोटा यूपीएस मिळतो तो घेतला तर उत्तम.

पांझराकाठ

आते समजनं भो. ऑटोस्टार्ट बंदच होतं दोघांकडे. चालू केल्यावर लगेच दोन दिवसांचे तुंबलेले मेसेज आले. जुना मोबाईल पण आहे, डिस्प्ले तडकलेला, चालेल ना?

भुसावळ_जंक्शन

चालेल, टच काम करत असला म्हणजे झालं. एकदा सेट केला की हात लावायचा नाही.

अमळनेरच्या_बाई

मी शाळेत शिकवते, माझा प्रश्न वेगळा आहे. नंबर नाही, कंपनी नाही, हे ऐकायला छान वाटतं पण एखाद्या मुलीला कुणी त्रास दिला, किंवा कुणी माझं नाव लावून पालकांकडे पैसे मागितले तर तक्रार करायची कुठे? व्हॉट्सॲपवर निदान रिपोर्टचं बटण तरी आहे. आणि दुसरं, आयपी पत्ता समोरच्याला दिसतो असं कुठेतरी वाचलं, ते खरं आहे का?

सातपुडा_पायथा

बाई, तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

जामीत अनोळखी माणूस थेट मेसेज टाकू शकत नाही, आधी रिक्वेस्ट येते, ती तुम्ही नाकारू शकता, ब्लॉक करू शकता. पण वर कुणी मालक नसल्याने त्या माणसाला पूर्ण नेटवर्कवरून हाकलणारं कुणी नाही, हे खरं आहे. म्हणून नियम एकच ठेवायचा, ज्याचा क्यूआर समोर बसून स्कॅन केला किंवा ज्याचा आयडी साध्या फोनवर आवाज ओळखून पडताळला तोच कॉन्टॅक्ट. नावावर आणि फोटोवर जाऊ नका, ते कुणीही काहीही लावू शकतं. पालकांना पण हेच सांगा. पैशाची फसवणूक झाली तर ॲप कुठलंही असो, १९३० वर लगेच फोन करायचा, त्यात वेळ घालवला की पैसे पुढे सरकतात. मुलींना त्रासाचं असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवायचे आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करायची, तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. शाळकरी पोरांना मोठ्यांच्या नजरेशिवाय हे ॲप द्यावं असं मी म्हणणार नाही.

आयपीचं पण खरं आहे. थेट जोडणी म्हणजे समोरच्याला तुमचा आयपी कळतो, जामीत आणि टॉक्स नावाच्या अशाच दुसऱ्या पीटूपी प्रकारात तसंच. त्यावरून घर सापडत नाही पण कंपनी आणि ढोबळ भाग कळू शकतो. घरच्या माणसांशी बोलायचं असेल तर फरक पडत नाही. ज्यांना अनोळखी लोकांशी बोलावं लागतं त्यांनी सेशन नावाचं ॲप बघावं. ते शुद्ध पीटूपी नाही, जगभर लोक नोड, म्हणजे मेसेज पुढे ढकलणारे कॉम्प्युटर, चालवतात आणि मेसेज अशा तीन नोडवरून उड्या मारत जातो, त्यामुळे कुणा एकाला दोन्ही टोकं माहीत नसतात. नंबर तिथेही लागत नाही, ०५ ने सुरू होणारा ६६ अक्षरांचा आयडी मिळतो. समोरचा बंद असला तर मेसेज नोडवर १४ दिवसांपर्यंत एन्क्रिप्टेड पडून राहतो, म्हणून दोघांनी एकाच वेळी ऑनलाइन असायची अट तिथे नाही. पण सेशनचा व्हॉइस कॉल चालू केलात तर तो थेट असतो, तिथे आयपी दिसतो, सेटिंगमध्ये कॉलची सोय चालू करताना ॲप तसा इशारा देतं तो वाचा.

तोरणमाळ_वाट

आमच्याकडे प्रश्नच निराळा. धडगावच्या वर पाड्यांमध्ये रेंजच नाही, टेकडीवर ठरावीक दगडापाशी गेलं की दोन काड्या येतात. नेटशिवाय ब्लूटूथवर चालणारं ब्रायर नावाचं ॲप आहे म्हणे, त्याने पाड्यापाड्यांत निरोप जाईल का? आरोग्याच्या कामासाठी पाहिजे, आशाताई खाली असतात आणि पेशंट वर.

सातपुडा_पायथा

ब्रायर तांत्रिकदृष्ट्या चांगलं ॲप आहे. नेट असेल तर टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरून, नसेल तर ब्लूटूथ किंवा वायफायवरून थेट. पण मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जी १४ मेसेंजर ॲप ब्लॉक केल्याची बातमी आली, काश्मीरमधल्या दहशतवादी कारवायांचं कारण देऊन, आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली, त्या यादीत ब्रायर होतं, एलिमेंट आणि थ्रीमा पण होतं. त्यामुळे सरकारी आरोग्याच्या कामात तर ते वापराच असं मी मुळीच सांगणार नाही, आशाताईंना उगाच अडचणीत टाकायचं नाही. त्या यादीवर मला वाईट वाटतं, कारण खुल्या कोडची ॲप आणि बाकीची एकाच मापाने मोजली गेली, पण कायदा आहे तो आहे.

जुलै २०२५ मध्ये ट्विटरवाल्या जॅक डॉर्सीने बिटचॅट काढलं, ते ब्लूटूथवर मेशने चालतं, म्हणजे माझ्या फोनवरून तुमच्या, तुमच्यावरून तिसऱ्याच्या असा मेसेज सात टप्प्यांपर्यंत पुढे जातो. सारंगखेड्याच्या यात्रेत, मुक्ताईच्या पालखीसोबत, जिथे माणसाला माणूस लागून आहे आणि गर्दीने टॉवर गुदमरतो तिथे हे खरंच कामाचं आहे. पण एका फोनचं ब्लूटूथ उघड्यावरसुद्धा थोड्याच अंतरापर्यंत जातं. दोन पाड्यांमध्ये दरी आणि मैलभर रान असलं आणि मध्ये कुणाचा फोन नसला तर साखळी तुटली. शिवाय ते काढलं तेव्हा त्यांनीच लिहिलं होतं की बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षा तपासणी झालेली नाही. हा इशारा हलक्यात घेऊ नका, ब्रिजफाय नावाचं असंच ब्लूटूथ ॲप २०१९ ला हाँगकाँगच्या आंदोलनात खूप चाललं आणि २०२० मध्ये लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यातली मोठाली भोकं दाखवली. पेशंटचं नाव, आजार असलं काही यावर टाकायचं नाही.

भुसावळ_जंक्शन

तोरणमाळवाल्या दादांसाठी भर घालतो. तुम्हाला ॲपपेक्षा लोरा रेडिओ बघायला हवा. छोटं यंत्र असतं, मोबाईलला ब्लूटूथने जोडायचं, मेशटॅस्टिक नावाचं खुलं सॉफ्टवेअर त्यावर चालतं, फक्त मजकूर जातो, फोटो कॉल काही नाही. पण समोरासमोर दिसणाऱ्या दोन टेकड्यांवर यंत्र ठेवलं तर काही किलोमीटर सहज जातं, आणि सातपुड्यात टेकड्यांना तोटा नाही. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ठरावीक पॉवरच्या मर्यादेत लायसन्सशिवाय वापरता येतो, यंत्र घेताना त्याच पट्ट्याचं घ्या, बाहेरच्या देशातलं दुसऱ्या फ्रिक्वेन्सीचं नको. आणि आरोग्य विभागाच्या डॉक्टरांना विचारून, त्यांना सोबत घेऊनच करा.

तोरणमाळ_वाट

हे माहीतच नव्हतं. पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) साहेबांशी बोलतो. तुम्हाला विचारत राहीन, कंटाळू नका.

धुळे_फोटोवाला

माझं काम लग्नाच्या व्हिडिओंचं. एका लग्नाची फाइल पन्नास पन्नास जीबी होते, एडिटिंगवाला नाशिकला, ड्राइव्हची जागा पुरत नाही, मग हार्डडिस्क एसटीच्या पार्सलने पाठवतो. मला कुणी कीट नावाचं पीटूपी ॲप सुचवलं, कसं आहे?

भुसावळ_जंक्शन

कीट २०२२ ला आलं, होलपंच नावाच्या कंपनीचं, टिथर हे डिजिटल चलन काढणाऱ्या कंपनीचं पाठबळ आहे त्याला. तुमच्या कामाला बरोबर बसतं. मध्ये कुठे फाइल चढवायची नसल्याने जागेची मर्यादा नाही, तुमच्या कॉम्प्युटरवरून थेट त्याच्या कॉम्प्युटरवर. मात्र फाइल पूर्ण पोचेपर्यंत तुमचा कॉम्प्युटर चालू आणि ॲप उघडं ठेवावं लागेल. आणि सगळा खेळ तुमच्या अपलोड स्पीडवर. मोबाईल डेटावर नादी लागू नका, फायबर असेल तर रात्री लावून ठेवा. अकाउंट बनवताना २४ शब्द मिळतात ते लिहून घ्या, तीच तुमची किल्ली.

जुना_ऑपरेटर

तरुण मंडळींना एक सांगतो, हे नवीन नाही. जळगावला कॅफे चालवायचो तेव्हा बाहेरगावी शिकणाऱ्या पोरांचे आईबाप स्काइपवर बोलायला यायचे. ते स्काइप २००३ ला आलं तेव्हा पीटूपीच होतं, कझा हे फाइली वाटून घ्यायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लोकांनीच ते काढलं होतं, चांगला कॉम्प्युटर आणि चांगलं नेट असलेल्या गिऱ्हाईकाच्या मशीनवरून दुसऱ्यांचे कॉल जोडले जायचे. पुढे मायक्रोसॉफ्टने घेतल्यावर २०१२ च्या सुमारास ते जोडणीचं काम आपल्या सर्व्हरवर नेलं आणि मे २०२५ मध्ये स्काइप बंदच केलं. एका कंपनीने ठरवलं आणि इतक्या वर्षांची सवय सोडून लोकांना दुसरीकडे जावं लागलं. म्हणून ज्याचा कोड खुला आहे तेच धरा, कंपनी गेली तरी दुसरं कुणी पुढे चालवू शकतं.

केळीबागाईत_रावेर

तुम्ही सांगितलं तसं पुण्याच्या पोराला घेऊन सुरू केलं, तो सुट्टीत आलेला आहे तोवरच क्यूआर करून घेतला. आता मनात येतं की मोबाईल शेतात पाटात पडला, चोरीला गेला, तर काय? भावाच्या पोराचा असाच विहिरीत गेला होता मागच्या वर्षी.

सातपुडा_पायथा

बॅकअपची फाइल बाहेर ठेवली असेल तर नव्या मोबाईलवर जामी टाकून ती फाइल आणि पासवर्ड दिला की तीच ओळख परत. दुसऱ्या मोबाईलवर अकाउंट आधीच जोडलेला असेल तर अजून सोपं, त्याच्यावरून नवा मोबाईल जोडायचा आणि हरवलेला काढून टाकायचा. दोन्हीपैकी काहीच नसेल तर तो अकाउंट गेला, कुठल्याही ऑफिसात अर्ज करून परत येत नाही.

सेशनमध्ये १३ शब्द असतात, कीटमध्ये २४. हे शब्द मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवू नका, कागदावर नीट अक्षरात लिहा आणि सातबारा, पासबुक ज्या फाइलीत असतं त्यात ठेवा, घरातल्या अजून एका भरवशाच्या माणसाला दाखवून ठेवा. कुणी "सपोर्टमधून बोलतोय, शब्द सांगा" असं म्हणून फोन केला तर तो चोर आहे, या ॲपना असला सपोर्ट नसतोच.

अमळनेरच्या_बाई

एक बारीक शंका. जामीत युजरनेम मराठीत टाकलं तर घेत नाही, काही चुकतंय का?

सातपुडा_पायथा

चुकत नाही बाई, युजरनेमला मराठी अक्षरं चालत नाहीत, इंग्रजीतच टाकावं लागतं, आणि एकदा घेतलं की बदलता येत नाही म्हणून विचार करून घ्या. पण खाली दिसायचं जे नाव असतं, प्रोफाइलचं, ते मराठीत लिहा, हवं तेव्हा बदला, ते चालतं.